घोडा तोच

नगरपालिकेचं पत्र आलं आहे :
चौकात नवा पुतळा हवा.
नाव अद्याप ठरलेलं नाही.
घोडा आहे तोच चालेल.

पत्र मी नार्दीच्या पटाखाली सरकवलं.
रिओनीला पाणी चढलंय, पूल बंद,
त्यामुळे दुपारपासून सगळे माझ्या भट्टीपाशी,
अक्रोड फोडत,
आणि वाद घालायला वेळच वेळ.

वार्लाम मास्तर म्हणाले, साधी गोष्ट आहे.
मेल्यावर शंभर वर्षं ज्याच्या मापानं
बाकीच्यांना मोजतात, तो थोर.
आणि फासे टाकले. पाच-दोन.

बोंदोनं बावीस वर्षं बस चालवली.
तो म्हणाला, थोर तो,
ज्याच्या काळात रस्ता धड असतो
आणि त्याचं नाव कुणाला आठवत नाही.
मग पुतळा कशाचा उभारायचा? डांबराचा?
मास्तर चिडले की त्यांचा डावा डोळा बारीक होतो.
सीमा कुणी वाढवल्या? सात किल्ले कुणी घेतले?
घेतले ना, बोंदो म्हणाला,
आणि राखायला कुणाची पोरं धाडली?
त्यावर मास्तर काही बोलले नाहीत.
त्यांचा थोरला भाऊ असाच कुठलातरी किल्ला राखायला गेला होता.
सोंगटी चुकीच्या घरात पडली,
बोंदोनं पाहिलं, आणि पाहिलं नाहीसं केलं.

मी ओतारी. मला थोरवी किलोत कळते.
टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण नाही म्हणतात.
यांनी कसले घाव सोसले?
ओतले, थंड झाले, उभे राहिले.
आतून सगळे पोकळ, दोन बोटं जाडी,
ठोकून पाहा, एकाच सुरात बोलतात.
पहिला माझ्या वडिलांनी ओतला : तलवारवाला.
मग टोपीवाला आला, तलवारीचा हात वितळवून
त्याचा पुढे दाखवणारा हात केला.
मग टोपी गेली, मिशी आली.
मिशी मी स्वतः बसवली, अजून जराशी तिरकी आहे.
खालचा घोडा मात्र कुणी हलवला नाही.

घोडा कसला, घोडी होती ती.
दूधवाल्या सेवेरियानची. नाव मेर्त्सखाली, म्हणजे पाकोळी.
वडील सहा आठवडे तिच्यासमोर माती घेऊन बसले.
समितीला घोडी चालेना, तेव्हा
शेवटच्या रात्री त्यांनी हवं ते जोडून दिलं.
घाईत जोडलेलं, तिथे आता चिमण्या राहतात.

तू सांग, मास्तर म्हणाले झुझुनाला,
आतापर्यंत तीच एक गप्प होती, बिहीच्या फोडी करत.
तिनं सुरी पुसली.
मला थोरबीर काही कळत नाही, म्हणाली,
तांबं गोळा करत दारोदार फिरले तेव्हा
आजीची मुरंब्याची कढई नेली.
पावती दिली होती, पावसात भिजली.
ती कढई त्याच्या कमरेच्या आसपास असावी
असं आजीला वाटायचं.
चौकातून जाताना ती त्याला नमस्कार करायची नाही,
नुसती कमरेकडे बघायची.

संध्याकाळी मास्तरांनी पेला उचलला. रीतच आहे ती.
थोराच्या नावानं! म्हणाले, नाव न घेता.
चौघांनी पेले भिडवले,
आणि माझी खात्री आहे, चौघांनी चार वेगळ्यांना पाजली.
मी तर दूधवाल्याच्या घोडीला.

मग कंदील घेऊन चौकात गेलो, शिडी लावली,
मानेचा घेर मोजला. बोंदोनं शिडी धरली.
वर आभाळ, खाली पुराचा आवाज,
आणि तिरक्या मिशीखाली तो, ज्याला अजून
कुणी काही कळवलेलं नाही.

उत्तर लिहिलं :
माप सोबत जोडलं आहे. नाव सावकाश ठरवा.
डोकं चार बोल्टांवरच बसवतो,
पुढच्या वेळी सोयीचं पडेल.

झुझुनानं खांद्यावरून वाचलं.
खाली लिही, म्हणाली,
कढई परत हवी.